चार टोमणे आणि एक गादी

मंगळवार, ४ नोव्हेंबर

ताई,

बाबांच्या शिस्तीप्रमाणे आधी खुशाली. मी बरी आहे. तू आणि आत्या बऱ्या असाल. झालं. आता ऐक, मला एक जाहिरात मिळाली आहे! अख्खी! माझी एकटीची!

जाहिरात गाद्यांची आहे. एजन्सीत लागल्यापासून मी दुसऱ्यांच्या मजकुरातले अनुस्वार तपासत होते. काल आमचे चीफ माझ्या टेबलापाशी आले. ते ऑफिसात नुसत्या मोज्यांवर फिरतात, त्यामुळे कधी मागे येऊन उभे राहिले ते कळतच नाही. म्हणाले, "गादी कंपनीला तरुण गिऱ्हाईक हवंय. हिप-हॉप करून टाकू. तू सगळ्यांत लहान आहेस, तुला येत असेल." आणि मी "हो" म्हणाले. ताई, मी हो म्हणाले! मला त्यातलं ओ की ठो कळत नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत?

का म्हणाले तेही सांगते. माझा प्रोबेशनचा काळ या महिनाअखेर संपतो. गादी कंपनीच्या मालकीणबाईंना जाहिरात आवडली तर मी कायम, नाहीतर चीफच्या शब्दांत "बघू". माझ्या आधी या खुर्चीवर बसणाऱ्या मुलीलाही "बघू" म्हणाले होते. तिचा कप अजून कपाटात आहे, ती नाही.

मी ओळी लिहिल्या आहेत. हसू नकोस.

यो यो, ऐका माझा आवाज,
या गादीवर झोपा आज,
पाठदुखीला येईल लाज,
पाठीला येणार नाही खाज!

खाज फक्त यमकासाठी आली. गादीने खाज थांबते याचा कसलाही पुरावा माझ्याकडे नाही, त्यामुळे ती ओळ मला कालपासून टोचते आहे.

दुसरी अडचण चष्म्याची. म्हणजे आमच्यातला सीनियर लेखक. चष्मा कायम डोक्यावर, डोळ्यांवर कधीच नाही, म्हणून हे नाव. मीटिंगमध्ये मी हळू आवाजात काही सुचवते, तो तेच मोठ्याने म्हणतो आणि सगळे त्याच्याकडे बघून माना डोलावतात. आपल्या घरच्या शाळेत आपण दोनच विद्यार्थी होतो, बाबा, तुझा मामा, मास्तर, आणि बोलायची पाळी ठरलेली असायची. इथे जो ओरडेल त्याची पाळी. हे मला कुणी शिकवलंच नाही.

फोन करणार होते, पण फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला तोडतेस. कागदाला तोडता येत नाही. तुझी व्हॅन रोज आमच्या इमारतीत पार्सलं घेऊन येतेच, तेव्हा उत्तर रिसेप्शनवर टाक. लवकर टाक.

तुझी,
शंकी


गुरुवार, ६ नोव्हेंबर

शंके,

तुझ्या ओळी सिग्नलला वाचल्या. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न मारत होते आणि मी स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होते. "यो यो" कोण म्हणतं गं? आमच्यात कुणी "यो यो" म्हटलं तर लोक आजूबाजूला बघतील, कुणाचं कुत्रं हरवलं म्हणून. खाज मात्र ठेव. तेवढी एकच ओळ जिवंत आहे.

आता नीट ऐक. दर रविवारी दुपारी बंद पडलेल्या सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये आम्ही रॅप करायला जमतो. पुस्तकात त्याला सायफर म्हणतात, आम्ही नुसतं गोल म्हणतो. गोलाचे नियम तीनच. एक, आधीच्याने जो शब्द शेवटी टाकला तो उचलूनच सुरुवात करायची. म्हणजे कळतं की तू घरून पाठ करून आली नाहीस, समोरच्याचं ऐकत होतीस. दोन, दुसऱ्याची ओळ चोरायची नाही. तीन, टोमणा मारायचा तो बरोबरीच्यालाच. ज्याला आपण मोजत नाही त्याच्यावर शब्द वाया घालवायचे नाहीत. मला तिथे "खिळा" का म्हणतात? कारण पहिल्या दिवशी तिथल्या सगळ्यांत दांडग्या पोराने माझी टिंगल केली, मी उत्तर दिलं, आणि तो जाग्यावर ठोकल्यासारखा उभा राहिला. आज तोच आमचा ताल धरतो, तोंडाने. त्याला आम्ही पंप म्हणतो.

तुझ्या चष्म्याचं औषध सोपं आहे. ओळ पुरी म्हणूच नकोस. शेवटचा शब्द गिळ आणि ज्याला पटवायचंय त्याच्याकडे बघत थांब. चष्म्याला चोरायची सवय आहे, पुरी करायची नाही. अर्धी ओळ घेऊन तो जाईल कुठे?

पत्रातही गोलाचा नियम पाळ. माझा शेवटचा शब्द उचल, मग लिही. मामाच्या शाळेत हे नव्हतं, पण मामाला आवडेल.

अक्षर वाकडं आलंय कारण उभ्याने लिहितेय, व्हॅनच्या बॉनेटवर कागद ठेवून. मी हल्ली सगळं उभ्यानेच करते. तीच माझी स्टाईल. रविवारी ये. सँडल नको, बूट घाल.

खिळा


बुधवार, १२ नोव्हेंबर

घाल म्हणालीस म्हणून बूट घातले, आणि बरं झालं घातले, कारण पळताना उपयोगी पडले!

ताई, मला माफ कर. तू मला मधे ढकललंस, पंपाची ओळ "भीती" या शब्दावर संपली, सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला एवढंच सुचलं: "भीती वाटते, आणि भीती वाटेल याची आधीच भीती वाटते." ते खरं होतं म्हणून निघालं. आणि मग ते सगळे एकदम "ओऽऽऽ" करून ओरडले, हात खाली झटकायला लागले, एकाने तर तोंड फिरवून भिंतीवर डोकं आपटलं. एवढी हुर्यो! मी पिशवी तिथेच टाकून बसस्टॉपपर्यंत पळाले. पिशवीत माझा डबा आहे.

पण खरी बातमी पुढे आहे. तुझी अर्धी ओळ चालली! सोमवारच्या मीटिंगमध्ये चीफ म्हणाले, गादीसाठी काहीतरी टोकदार सांगा. मी म्हणाले, "लोकांना गादी नकोय सर, लोकांना हवी आहे..." आणि थांबले. चष्मा लगेच मोठ्याने म्हणाला, "लोकांना गादी नकोय! लोकांना हवी आहे..." आणि अडकला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघताहेत. त्याने डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. पहिल्यांदाच! शेवटी म्हणाला, "...सवलत?" चीफनी माझ्याकडे वळून विचारलं, "तू काय म्हणत होतीस?" मी म्हणाले, "सुट्टी." माना डोलल्या. माझ्याकडे बघून डोलल्या!

त्या आनंदात मी बोलून बसले की माझी आतेबहीण खरोखरची रॅपर आहे. चीफ मोज्यांवर घसरतच आले. "तिला आण. मंगळवारी मालकीणबाई येताहेत. समोर प्रत्यक्ष होऊन जाऊ दे."

येशील ना? मालकीणबाई म्हणजे साठीच्या आसपासच्या, वडिलांच्या मागे एकटीने कारखाना चालवतात. त्यांना प्रत्येक गोष्ट तळहाताने दाबून बघायची सवय आहे. मागच्या वेळी आमच्या खुर्च्या दाबल्या, सोफा दाबला, चीफशी हात मिळवला तो पण दाबून बघितला. बोलतात कमी.

मजकूर सोबत जोडला आहे. आमच्या वकिलांनी तपासला आहे. खाज त्यांनी काढली. "मऊपण टिकतं" ला ते म्हणाले, "टिकू शकतं" करा. "दुखणं कमी होतं" चं "कमी होऊ शकतं" झालं. मला ते पटलं, कारण खोटं बोलणं नको. पण मोठ्याने वाचलं की सगळी गादी "शकतं, शकतं" करत कुरकुरते असं वाटतं.

ताई, माझी खुर्ची या मंगळवारवर आहे. तू तुझ्या मनचं काही करू नकोस. एकच विनंती, कागदावर आहे तेवढंच म्हण.

शंकी


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

म्हण म्हणतेस तर म्हणते. तुझ्यासाठी.

पण आधी तुझी अक्कल ठिकाणावर आणते. अगं वेडे, "ओऽऽऽ" म्हणजे हुर्यो नाही! "ओऽऽऽ" म्हणजे काळजात घुसली. हात झटकणं म्हणजे चटका बसला. भिंतीवर डोकं आपटणारा तो पोरगा दोन वर्षांत कुणासाठी जागचा हलला नव्हता. तू एक ओळ टाकलीस, गोल पेटवलास आणि शाबासकीला घाबरून पळालीस! पंप विचारत होता, "ती पुन्हा कधी येणार?" डबा त्यानेच खाल्ला. छान होता म्हणाला. पिशवी माझ्याकडे आहे.

तुझा कागद वाचला. शंके, हे रॅप नाही, औषधाच्या बाटलीवरची सूचना आहे. पण तू लिहिलंयस, आणि तुझं पोट त्यावर आहे, तर मी ते देवाची आरती म्हणावी तसं म्हणेन. कपडेही धुतलेले घालीन. आईला सांगितलं तर ती रडायलाच लागली, "काचेच्या ऑफिसात चाललीस" म्हणून. तिच्या मते मी रोज तिथे जाते ते फक्त पार्सलं ठेवायला, आणि मंगळवारी जाणार ते माणूस म्हणून.

बाईला तळहाताने दाबून बघायची सवय आहे म्हणालीस. मला ती आत्ताच आवडायला लागलीये. दाबून बघते म्हणजे फसत नाही.

मंगळवारी येते. तू फक्त दारापाशी उभी राहा, आणि काहीही झालं तरी पळू नकोस.

खिळा


मंगळवार, १८ नोव्हेंबर

आदरणीय ताईंस,

आज जे घडलं ते आपल्याला आठवत नसेल तर क्रमाने सांगते.

आपण आलात. कपडे धुतलेले होते, त्याबद्दल आभार. मीटिंगच्या खोलीत मालकीणबाई, त्यांचे मॅनेजर, चीफ, चष्मा, वकील आणि मी होतो. बसा म्हटलं तर आपण बसला नाहीत, कंबरेवर हात ठेवून भिंतीपाशी उभ्या राहिलात. चीफना ते फारच "स्ट्रीट" वाटलं. मग आपण कागद काढला आणि वाचू लागलात. "मऊपण टिकू शकतं" झालं. "दुखणं कमी होऊ शकतं" झालं. मालकीणबाई मॅनेजरकडे झुकून म्हणाल्या, "गादी राहू द्या, मला हे ऐकूनच येतेय झोप."

हळूच म्हणाल्या होत्या. कुणाही सभ्य माणसाने ऐकू आलं नाही असं दाखवलं असतं. आपण मात्र कागदाची घडी घातलीत, खिशात ठेवलीत आणि त्यांच्याकडे बोट करून सुरू झालात:

झोप विकता बाई, पण झोप कुठंय तुम्हांला?
डोळ्यांखालचं काळं सांगतंय साऱ्या गावाला.
हजार गाद्या रचल्या, एकीवर तरी पडलात?
दुसऱ्यांच्या उशा मोजत स्वतः जाग्या उरलात!
आम्ही निजतो फळीवर, तरी घोरतो सुरात,
झोप भरली कारखान्यात, जागरण तुमच्या घरात!

साठीच्या बाईला! आमच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाईकाला! डोळ्यांखालचं काळं!

मालकीणबाईंनी खुर्चीचा हात एकदा दाबला, उठल्या, "बरं" म्हणाल्या आणि निघून गेल्या. मॅनेजर त्यांच्या मागे धावले. चीफनी बूट घातले. ताई, ऑफिसात बूट घातलेले चीफ मी आज पहिल्यांदा पाहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बघू."

आपण शब्द दिला होतात. मी शब्दांवर जगते, दुसरं काही मला येत नाही. माझी खुर्ची गेली, आणि ती आपण काढून घेतलीत. यापुढे मला लिहू नका.

आपली,
(आपल्याला नाव माहीत आहे)


गुरुवार, २० नोव्हेंबर

नका? मला "नका" म्हणालीस? जिने तुझ्या नाकातला शेंगदाणा काढला तिला?

आणि माझा "नकोस" उचलला नाहीस. गोलाचा नियम मोडलास. तेव्हा कळलं की खरंच रागावलीयस.

शब्द मोडला ते चुकलं. कान धरते. त्याबद्दल तू मला आयुष्यभर बोल. पण बाकीचं चुकलं असं माझ्याकडून वदवून घेता येणार नाही. त्या खोलीत काय चाललं होतं? चीफ बाईला लोणी लावत होता. चष्मा मान हलवत होता. मॅनेजर तिच्या आधीच हसत होता. मीसुद्धा कागद वाचून तिला गंडवतच होते. एकटी ती बाई खरं बोलली, "हे ऐकून झोप येतेय." शंके, तो टोमणा होता! तिने मला टोमणा मारला, म्हणजे तिने मला गोलात घेतलं, बरोबरीची मानलं. त्यावर मी ऐकू आलं नाही असं दाखवायचं? मग मी तिला म्हातारी समजले असते, गिऱ्हाईक समजले असते. मी तिला माणूस समजले. माझ्याकडे यापेक्षा मोठा मान द्यायला दुसरं काही नाही.

तुमच्या काचेच्या खोलीत याला अपमान म्हणतात हे मला त्या क्षणी आठवलं नाही. ते मात्र माझं अडाणीपण.

आता रडणं थांबव आणि डोकं चालव. बाई "नको" म्हणाली का? नाही. "बरं" म्हणाली. चिडलेला माणूस दार आपटतो. हिने खुर्ची दाबून बघितली. आणि गोलाचा एक नियम तुला सांगायचा राहिला होता, कारण पहिल्या दिवशी त्याची गरज पडत नाही. ज्याच्यावर ओळ टाकली त्याला उत्तराचा हक्क असतो. तो उत्तर देत नाही तोवर गोल मोडत नाही. पावसात उभे राहिलोय आम्ही, एका पोराला उत्तर सुचेना म्हणून. मामा वेगळं काय सांगायचा? आलेलं पत्र निरुत्तर ठेवू नये.

बाईला हा नियम माहीत नाही. तिला वाटत असेल आपल्याला फक्त ऐकून निघून जायचं होतं. तिच्याशी नीट बोलेल असं त्या ऑफिसात तूच एक माणूस आहेस, कारण तुला खोटं बोलता येत नाही. माफी मागू नकोस, माफीने गोल मोडतो. तिची पाळी आहे एवढंच तिला कळव.

खिळा


बुधवार, २६ नोव्हेंबर

कळव म्हणालीस, आणि मी कळवलं! ताई ताई ताई! खाली बस आधी! किंवा उभी राहा, तुला काय करायचं ते कर, पण ऐक!

तुझं पत्र मी आधी फाडणार होते. फाडलं नाही, कारण पत्र फाडायची मला सवय नाही. मग पुन्हा वाचलं. मग पुन्हा. मग चीफकडे गेले आणि विचारलं, मालकीणबाईंना मी लिहू का? परवानगीशिवाय गिऱ्हाईकाला लिहिणं नियमात बसत नाही. त्यांनी मानही वर केली नाही. "गेलेलंच आहे. काय हवं ते कर."

मी लिहिलं. खाडाखोड करून शेवटी थोडकंच उरलं: माझ्या बहिणीने शब्द मोडला, ते गैर झालं. परंतु जे म्हटलं ते आपल्याला बरोबरीचं मानून म्हटलं. त्यांच्या रीतीप्रमाणे आता पाळी आपली आहे. उत्तर देताना तिचा शेवटचा शब्द, म्हणजे "घरात", उचलावा लागतो. घाई नाही. कळावे.

दोन दिवस काही नाही. मी माझा कप घरी आणला. म्हटलं, तो कपाटात मागे राहायला नको.

आणि आज सकाळी, ताई, मालकीणबाई दारात! फोन नाही, वेळ ठरवलेली नाही, मॅनेजर धापा टाकत मागे. चीफ मोज्यांवर पळत आले. बाई म्हणाल्या, "सगळ्यांना बोलवा. उभे राहा. खुर्च्या नकोत." आम्ही खुर्च्या भिंतीला लावल्या. त्या मधे उभ्या राहिल्या, पर्स माझ्या हातात दिली. मग टेबलावर तळहाताने थाप मारायला लागल्या. धप्, धप्धप्, धप्, गादी दाबतात तशी. आणि:

घरात माझ्या जाग आहे, म्हणून गाव घोरतं,
एक शिवण उसवली तरी काळीज माझं पोळतं.
फळीवरची ऐट, पोरी, मिरव अजून थोडी,
चाळिशीला कंबर तुझी काढेल तुझीच खोडी.
तेव्हा येशील वाकत वाकत, धरून भिंत न् दार,
गादी देईन मऊशार, पण टोमणे मारीन चार!

ताई, माझ्या तोंडून आपोआप "ओऽऽऽ" निघालं! मी हात झटकला! पर्स पडली! मॅनेजरना वाटलं मला शॉक बसला.

बाई म्हणाल्या, "त्या दिवशी मी रागाने नाही गेले गं. मला तिथल्या तिथे सुचेना, म्हणून गेले. इतक्या वर्षांत माझ्याशी कुणी भांडलंच नाही. सगळे आपले हो बाई, बरं बाई. म्हटलं, घरी जाऊन जमवते. पण जमवल्यावर परत येऊन म्हणायचं असतं की नाही, ते कळत नव्हतं. तुझं पत्र आलं, मग कळलं की थांबलेत माझ्यासाठी."

मग त्या आळीपाळीने सगळ्यांकडे बघायला लागल्या. आणि माझ्या लक्षात आलं की शेवटचा शब्द "चार" तसाच हवेत लोंबकळतोय. तो कुणीतरी उचलायला हवा, आणि तू तिथे नव्हतीस. चष्मा छताकडे बघत होता. दार माझ्या अगदी जवळ होतं. पायात बूटही होते.

ताई, मी पळाले नाही.

चार लोकांत बोलायला वळते माझी बोबडी,
खरं तेवढंच सांगते मी, ओळ माझी तोकडी:
मालकीण ज्या गादीसाठी जागी राहते खूप,
त्या गादीवर पडल्या पडल्या गाव...

आणि थांबले. बाईंकडे बघत थांबले. त्या मोठ्याने म्हणाल्या, "चिडीचूप!" मॅनेजरही म्हणाले. चीफही म्हणाले. वकीलसुद्धा म्हणाले, मग भानावर येऊन पुटपुटले, "...होऊ शकतं." बाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचं ते 'शकतं' माझ्या गादीवरून आधी खाली उतरवा." चष्म्याने तोंड उघडलं होतं, पण ओळ बाईंनी पुरी केली होती. आता ती त्यांची झाली. चोरणार कुणाकडून?

जाहिरात ठरली. तू आणि त्या, समोरासमोर, गोलात. तुझ्या ओळी तुझ्या नावाने, हे मी आधीच वदवून घेतलं. संध्याकाळी चीफ माझ्या टेबलापाशी आले. या वेळी पावलं ऐकू आली, किंवा मी ऐकत होते. म्हणाले, "कायम." मी विचारलं, "कधीपासून?" म्हणाले, "तू थांबलीस ना, तेव्हापासून." उद्या कप परत नेणार आहे!

मी तुला "आपण" म्हणाले त्याची मला फार लाज वाटते. त्याबद्दल समोर आल्यावर काय द्यायचा तो टोमणा दे.

आता एक विचारायचंय. बाई निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुझी बहीण कंबरेवर हात ठेवून उभी होती ती ऐटीत नाही. मी आयुष्यभर पाठी बघितल्यात. तिला विचार." मी घरी येऊन तुझी सगळी पत्रं काढली. बॉनेटवर उभ्याने. सगळं उभ्याने. फळीवर झोपणं. मी प्रत्येक अनुस्वार तपासते, आणि हे माझ्या नजरेतून सुटलं. खरं सांग, स्टाईल बाजूला ठेवून सांग, तुझी कंबर दुखते का?

शंकी


रविवार, ३० नोव्हेंबर

का नाही दुखणार? दिवसभर व्हॅन आणि वर चार चार मजले पार्सलं. बसलं की सणक जाते, म्हणून उभी राहते. पोरं म्हणाली, "खिळा कधी बसत नाही, काय रुबाब!" म्हटलं, असू दे, रुबाब तर रुबाब. आईला कळलं असतं तर तिने काम सोडायला लावलं असतं. तुला कळलं असतं तर तू पाठीच्या मणक्यांवर अभ्यास करून मला निबंध पाठवला असतास. बाईने मात्र काचेच्या खोलीत, लांबून, हात न लावता दाबून बघितलं. हरले मी तिथेच.

आज दुपारी काय झालं ते तू बघायला हवं होतंस, पण तुला ऑफिसच्या कामाला जुंपलं होतं, कायम झालेल्यांचं असंच असतं. पार्किंगमध्ये कारखान्याचा टेम्पो आला. पुढे बाई. गोल उघडला, बाई आत शिरल्या, पंपाने ताल धरला. त्याला म्हणतात, "जरा हळू, माझं वय बघ." आणि मग माझ्या उरावर बसल्या. पहिला टोमणा माझ्या व्हॅनला, दुसरा माझ्या गाण्याला, तिसरा माझ्या फळीला. तिसऱ्याला तो भिंतीवाला पोरगा पुन्हा भिंतीपाशी गेला. मी उत्तर द्यायला पुढे झाले, तर बाई म्हणाल्या, "चौथा राखून ठेवलाय. नीट झोपून उठलीस की देईन. जागरण झालेल्या माणसावर शब्द वाया घालवत नाही मी."

माझाच नियम! माझ्याच तोंडावर!

मग टेम्पोतून गादी काढली. पंप आणि पोरांनी ती घरापर्यंत डोक्यावर वाहून आणली, वाटेत प्रत्येकाने एकदा दाबून बघितली. आईने फळी उचलून बाल्कनीत टाकली. आता तिच्यावर कुंड्या ठेवणार म्हणते.

तू पळाली नाहीस हे वाचून मी बॉनेटवर मूठ आपटली. पोचा पडलाय, तो तुझ्या नावावर. "आपण" चा टोमणा मी देणार नाही, तो मी मामाला सांगून त्याच्याकडून देववीन, तो जास्त लागेल. पुढच्या रविवारी ये. डबा दोघांचा आण, पंप भुकेला आहे. आणि सुरुवात तू करायचीस, सगळ्यांच्या आधी, कुणाचाही शब्द न उचलता. जमेल तुला.

अक्षर आज वेगळं दिसत असेल. उभ्याने लिहीत नाहीये, आडवी पडून लिहितेय. किती दिवसांनी ते आठवतसुद्धा नाही. बाहेर पोरं ओरडतायत, आई भांडी आपटतेय, आणि मला तुला अजून पुष्कळ सांगायचंय, पण शंके, खरं सांगते, तुझ्या त्या ओळीत काही खोट नाही. या गादीवर पडल्या पडल्या